मेस्त, मेस्त्री आणि मास्तर

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांच्या जुन्या आळ्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत वरातीच्या बँडचा नाद अजून शिल्लक असतो. गॅसबत्त्यांच्या पांढऱ्या उजेडात जरीपट्टीचे डगले घातलेली पंधरा-वीस माणसे दोन रांगांनी चालत. पुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट, मध्ये युफोनियमची जाडजूड नळकांडी, मागे ढोल आणि ताशा. आणि या सर्वांच्या गर्दीत एक मनुष्य असा असे की, त्याच्या हातातली लांब पितळी नळी पुढे सरके, मागे येई, आणि तिच्या सरकण्याबरोबर स्वर उतारावरून घरंगळावा तसा खाली उतरे. त्या वाद्यास ट्रॉम्बोन म्हणतात हे आम्हां मुलांना ठाऊक नव्हते. त्याच्या वादकापासून चार हात दूर चालावे, कारण ती नळी केव्हा अंगावर येईल याचा नेम नाही, एवढेच आम्हांस कळत होते. मात्र बँडच्या अग्रभागी चालणाऱ्या आणि हाताच्या एका इशाऱ्याने गाणे थांबवणाऱ्या गृहस्थास लहानथोर सगळे एकाच नावाने हाक मारीत, आणि ते नाव होते मास्तर.

शाळेत शिकवतो तोही मास्तर आणि वरातीपुढे वाजवतो तोही मास्तर, हा योगायोग आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. पुढे मुंबईच्या जॅझ वादकांच्या पिढीची चरित्रे वाचनात आली. एकाच माणसाने हॉटेलात वाजवलेले, चित्रपटांच्या गाण्यांचे वाद्यवृंद रचलेले, पदरमोड करून चित्रपट काढलेला आणि अखेरीस घरी मुलांना शिकवलेले असे चित्र त्या चरित्रांत वारंवार दिसले, आणि तेव्हा या शब्दामागे एक जुना व्यवहार दडलेला आहे हे ध्यानात आले. अशा माणसांच्या आयुष्यास आपण विविध उद्योगांची मालिका समजतो. माझ्या मते तो एकच पेशा होता. वाजवणे, घडवणे आणि शिकवणे ही त्या पेशाची तीन कर्तव्ये होती, आणि ती तिन्ही एका शब्दात सामावून घेण्याचे शहाणपण आपल्या भाषेने फार पूर्वीच दाखवले आहे.

लॅटिन भाषेतील 'मॅगिस्टर' या शब्दापासून पोर्तुगीज 'मेस्त्रे' आणि इंग्रजी 'मास्टर' हे दोन्ही शब्द निघाले. पहिला शब्द समुद्रमार्गे कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि कोकणीत 'मेस्त', मराठीत 'मेस्त्री' अथवा 'मिस्त्री' झाला. दुसरा इंग्रजांच्या शाळांतून आणि पलटणींतून येऊन 'मास्तर' झाला. एकाच मुळाचे हे दोन अंकुर आपल्याकडे वेगवेगळ्या काळी रुजले. सुतारकाम आणि गवंडीकाम करणारा तो मेस्त्री, अक्षरे शिकवणारा तो मास्तर, आणि गोव्याच्या चर्चमध्ये मुलांकडून स्वर घोटवून घेणारा तो मेस्त. हात, विद्या आणि कंठ यांची ही वाटणी वरवरची आहे. जो स्वतः करून दाखवू शकतो आणि दुसऱ्याकडून करवून घेऊ शकतो तो मॅगिस्टर, हा मूळ अर्थ तिन्ही ठिकाणी अबाधित राहिला आहे.

या शब्दाच्या प्रवासात ठाण्याचे स्थान किरकोळ नाही. शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक म्हणून नावाजलेले हे नगर १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले, आणि १७३७ साली मराठ्यांनी ते जिंकून घेईपर्यंत सुमारे दोनशे वर्षे तो अंमल टिकला. मासुंदा तलावाच्या काठी उभे असलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आजही त्या कालखंडाचे स्मरण देते. पोर्तुगीज अंमल आला तेव्हा त्याच्याबरोबर चर्चमधील समूहगान आले, आणि एकाच वेळी अनेक भिन्न स्वर परस्परांशी मेळ राखून चालतात ही आपल्या संगीतास अपरिचित असलेली कल्पना या मुलखाच्या कानांवर पडू लागली. त्याच गावात, त्याच सुमारास, देवळांच्या नगारखान्यांत चौघडा झडत होता, गुरव आणि घडशी सनई फुंकीत होते, आणि मातंगांच्या हलगीवर गावाचे सण उभे राहत होते. या वाजंत्र्यांचा पेशा वंशपरंपरागत होता, आणि त्याची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी जात असे. चर्चची विद्या मात्र कागदावर लिहिलेली होती. पाच आडव्या रेषांवर मांडलेले ठिपके वाचता येणारा मुलगा आपल्या बापाने कधीही न ऐकलेले गीत गाऊ शकत असे. या एका भेदातून पुढील सगळी कथा निघते.

आता त्या सरकत्या नळीकडे वळू. तुतारी, शिंग आणि कर्णा ही आपली रणवाद्ये प्रतापी खरी, परंतु त्यांची नळी एका ठरावीक लांबीची असल्यामुळे ओठांचा ताण कितीही बदलला तरी त्यांतून निसर्गतः निघणारे मोजकेच स्वर मिळतात. पूर्ण सप्तक हवे असेल तर नळीची लांबी वाजवता वाजवता बदलली पाहिजे. पंधराव्या शतकातील युरोपीय कारागिरांनी ही अडचण अत्यंत सरळ उपायाने सोडवली: एका नळीवर दुसरी नळी चढवली आणि ती हाताने पुढेमागे सरकवण्याची सोय केली. सर्वसाधारण ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर सुमारे नऊ फूट भरेल. तिच्या सरकण्यात सात स्थाने मानतात, आणि प्रत्येक स्थानागणिक स्वर अर्ध्या पायरीने खाली येतो. परंतु या स्थानांवर ना खूण असते ना खुंटी. पेटीवर पट्टी असते, सतारीवर पडदा असतो; ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचा आधार त्याचा कान आणि त्याचे मनगट एवढाच. म्हणूनच त्यास असे एक सामर्थ्य लाभले आहे की जे इतर पितळी वाद्यांस सहसा लाभत नाही: एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मधली सर्व भूमी स्पर्शीत जाणे. आपल्या गायकीत यालाच मींड म्हणतात. परदेशातून आलेल्या पितळी वाद्यांपैकी आपल्या कानास सर्वांत जवळचे वाद्य तेच असावे, असे मला वाटत आले आहे.

ही वाद्ये आपल्या मुलखात प्रथम कंपनी सरकारच्या फौजेबरोबर कवायतीसाठी आली. लष्करी बँडचे अनुकरण संस्थानिकांनी केले, संस्थानिकांचे अनुकरण सधन व्यापाऱ्यांनी केले, आणि त्यांचे अनुकरण करीत करीत लग्नघरांनी बँडला वरातीपुढे आणून उभे केले. १८५३ च्या १६ एप्रिलला एकवीस तोफांच्या सलामीत बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, १८५४ च्या १ मे रोजी तिचा मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला, आणि त्यानंतर मुंबईची जी जी हौस होती ती या गावांपर्यंत यायला फार काळ लागला नाही. पुढे ही वाद्ये देशातच तयार होऊ लागली. मेरठ शहरातील जली कोठी नावाच्या वस्तीने हा उद्योग असा काही हाती घेतला की, तेथील कारागिरांनी ठोकून, वाकवून, झाळून तयार केलेली शिंगे हिंदुस्थानभरच्या बँडवाल्यांच्या खांद्यांवर चढली. नगारखान्याचे आणि बलुत्याचे दिवस सरत आले तेव्हा हाच बँड पुष्कळ वाजंत्री घराण्यांचा नवा आश्रय ठरला.

याच वाद्याने अटलांटिकच्या पलीकडे निराळेच दैव पाहिले. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स हे बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरवणुकींचे शहर होते. तेथील काळ्या समाजात लग्न, सण आणि अंत्ययात्रा या सर्वांपुढे पितळी बँड चालत असे. जाहिरातीसाठी वादकांना घोडागाडीत बसवून फिरवण्याची तेथे चाल होती, आणि ट्रॉम्बोनवाल्याची नळी इतरांना लागू नये म्हणून त्याची जागा गाडीच्या मागच्या फळीशी ठरलेली असे. तेथे बसून नळी मोकळेपणे बाहेर फेकीत त्याने जी घसरती, हेलकावे घेणारी वादनशैली निर्माण केली, तिला त्या फळीचेच नाव मिळाले, आणि किड ओरी हा वादक तिचा आद्य प्रवर्तक मानला जाऊ लागला. कल्याणच्या आळीत नळी लागेल म्हणून दूर चालणारी आम्ही मुले आणि न्यू ऑर्लीन्सच्या गाडीत त्याच भीतीने मागे बसवलेला तो वादक यांच्यामध्ये जे नाते आहे, ते केवळ कल्पनेचे नाही. मिरवणुकीचे संगीत एकीकडे जॅझ झाले. ते जॅझ समुद्र ओलांडून मुंबईत आले. आणि मुंबईतून फिरत फिरत ते पुन्हा मिरवणुकीतच, परंतु आपल्या मिरवणुकीत, येऊन मिळाले. हा फेरा कसा पूर्ण झाला ते पाहू.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाच्या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाने आपला वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक असे नामांकित लोक आले. स्वदेशात कातडीच्या रंगापायी पावलोपावली अवमान सोसणाऱ्या या कलावंतांना येथे मानाची तैनाती मिळाली, आणि त्यांच्या शेजारी बसून त्यांची विद्या आत्मसात करण्यास जे तरुण पुढे सरसावले, ते बहुतांशी गोव्याचे होते. याचे कारण गोव्याच्या खेड्यापाड्यांतील चर्चच्या शाळांत शोधले पाहिजे. तेथे मेस्त मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन धरायला आणि समूहात गायला शिकवीत असे. गोव्यात उपजीविका तुटपुंजी असल्यामुळे ही मुले मोठी होताच मुंबईची वाट धरीत, धोबीतलाव आणि गिरगावच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालवलेल्या 'कूड' नामक सामायिक बिऱ्हाडांत राहत, आणि कागदावरचे संगीत पहिल्या दृष्टीत वाजवण्याच्या एकाच भांडवलावर पोट भरीत.

या तरुणांत आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ होता; चिक चॉकलेट या नावाने तो हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. मिकी कोरिया होते. १९३९ पासून १९६० पर्यंत एकवीस वर्षे त्यांनी ताजमधील वाद्यवृंद सांभाळला, आणि निवृत्तीनंतर त्यांचे घर ही संगीताची शाळा झाली. कावसजी खटाव या पारशी गृहस्थाने रूडी कॉटन असे नाव घेऊन सॅक्सोफोनवर कीर्ती मिळवली. परंतु हे सर्व वैभव ज्या मद्यशाळांच्या आणि नृत्यगृहांच्या आश्रयावर उभे होते, त्यांचा पायाच १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने खचला. पाश्चात्त्य नृत्याचे शौकीन गोरे साहेब त्याआधीच मायदेशी निघाले होते. एका पिढीची संपूर्ण विद्या अशा रीतीने बेकार झाली असती. ती झाली नाही याचे श्रेय दादर, ताडदेव आणि महालक्ष्मी येथील ध्वनिमुद्रणगृहांस आहे.

हिंदी चित्रपटाच्या संगीत दिग्दर्शकापाशी चाल होती, परंतु तीस-चाळीस वाद्यांना एकत्र बांधण्याचे तंत्र बहुधा नव्हते. गोव्याच्या वादकांपाशी ते तंत्र होते, आणि काम नव्हते. या दोन गरजांच्या संगमातून 'अरेंजर' नावाचा मनुष्य जन्मास आला. दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवी. हा मनुष्य रात्रभर जागून प्रत्येक वाद्याचा कागद निराळा लिही. व्हायोलिनांनी कोठे श्वास भरावा, ट्रम्पेटने कोठे हाक द्यावी, ट्रॉम्बोनने कोठे मंद्रातून हुंकार द्यावा हे ठरवी. आणि सकाळी त्या कागदांवरून सर्वांनी एका दमात गाणे वाजवायचे, कारण त्या काळी गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात ध्वनिमुद्रित होत असत. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या संगीतास जो भरदार डौल दिला, तो असाच कागदावर लिहिलेला होता. या परिश्रमांबद्दल त्यांना मेहनताना मिळे. श्रेयनामावलीत नाव आलेच तर सहाय्यक म्हणून येई.

मराठी वाचकाने विशेष आस्थेने पाहावे असे उदाहरण १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटाचे आहे. त्याचे नायक व दिग्दर्शक भगवान आबाजी पालव हे मराठी. संगीत दिग्दर्शक रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. आणि 'शोला जो भडके' या गाण्यात झालरी लावलेल्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावर जे वाजवताना दिसतात, ते चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार. १९४७ च्या 'शहनाई'पासूनच सी. रामचंद्रांनी जॅझची चाल हिंदी गाण्यात मुरवायला आरंभ केला होता. रागदारी आणि भावगीत यांवर पोसलेल्या या मराठी कानाने न्यू ऑर्लीन्सचा ठेका उपरा मानला नाही, आणि गोव्याच्या वादकाने लावणीच्या मातीतली चाल हलकी मानली नाही. दोघांमधील हा परस्परादर ही त्या काळाची खरी मिळकत होय.

आता मेस्त्रीपणाची तिन्ही कर्तव्ये ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात, अशा दोन व्यक्तींकडे येऊ. फ्रँक फर्नांड यांचा जन्म १९१९ चा, गाव कुडचडे. ट्रम्पेट आणि व्हायोलिन यांवर त्यांची हुकमत होती. जॅझच्या वाद्यवृंदांत नाव मिळवून ते चित्रपटसृष्टीत आले आणि अनेक दिग्दर्शकांच्या पाठीशी राहून त्यांनी वाद्यवृंद रचले. येथवरचा प्रवास त्यांच्या पिढीतील अनेकांचा आहे. परंतु दुसऱ्यांच्या चालींना अंगरखे शिवून देण्यात आयुष्य घालवताना आपल्या मातृभाषेला स्वतःचे वस्त्र नाही ही खंत त्यांच्या मनात असली पाहिजे, असे त्यांच्या पुढील कृतीवरून म्हणावे लागते. गोवा मुक्त झाल्यावर दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांनी 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट निर्माण केला, आणि १९६६ मध्ये 'निर्मोण' केला. या दुसऱ्या चित्रपटाचे कथानक एवढे परिणामकारक ठरले की, पुढच्याच वर्षी 'तकदीर' या नावाने त्याचा हिंदी अवतार निघाला. पहिल्या चित्रपटातील गाण्यांशी ख्रिस पेरी यांचे नाव निगडित आहे. तेही बँड चालवणारे वादक, आणि लोर्ना या गायिकेस घडवणारे गुरू. ज्या भाषेस तोवर चित्रपटाचे वैभव जवळजवळ नव्हतेच, तिला ते मिळवून देण्याच्या कामी हे वादक पुढे आले, कारण पंचवीस माणसांना एका तालात बांधण्याची सवय त्यांच्या हाडीमासी खिळलेली होती. २००७ साली फर्नांड निवर्तले.

दुसरे अँथनी गोन्साल्विस. १९२७ साली मजोर्ड्यात जन्मलेला हा व्हायोलिनवादक मुंबईत वादक झाला, वाद्यवृंदरचनाकार झाला, परंतु त्यांची कीर्ती टिकली ती शिक्षक म्हणून. वांद्र्याच्या त्यांच्या घरी शिकून गेलेल्यांत प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन यांची नावे आहेत. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचा स्वर होता. पुढे अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठापर्यंत त्यांची विद्या त्यांना घेऊन गेली, आणि अखेरीस ते आपल्या गावी परतले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' मधील एका गाण्यात त्यांचे संपूर्ण नाव देशभर दुमदुमले. त्या चित्रपटाचे संगीत करणाऱ्या जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला दिलेली ती दक्षिणा होती. ज्या विद्येत रचनाकाराचे नाव कोठेच छापले जात नाही, तीत शिष्याने गाण्याच्या शब्दांतच गुरूचे नाव कोरून ठेवावे, याहून मोठी सनद कोणते सरकार देऊ शकेल? प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेट वाजवणारे होते, आणि स्वरलेखन शिकण्यास आलेल्या कितीतरी तरुण वादकांना त्यांनी चित्रपटसृष्टीच्या दारापर्यंत पोहोचवले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हे सर्व मुंबईत घडत असता ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाट्यास काय आले? त्याचा मार्ग मोठा आडवळणाचा आहे. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्रिपद बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले, आणि शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ बंदी केली. श्रोते सिलोनकडे वळले. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू होईपर्यंत, आणि त्यानंतरही, सिलोन केंद्रावरून येणारी गाणी घरोघर ऐकली जात. कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून दिवसभर राबून लोकलने परतणारे या गावांतील मध्यमवर्गीय ती गाणी ऐकत. जेथे युद्धकाळी लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन उतरले, त्या कल्याण कॅम्पात, म्हणजे १९४९ साली उल्हासनगर नाव पावलेल्या वस्तीत, तीच गाणी ऐकली जात. आणि रेडिओला कान लावून बसलेल्या या असंख्यांत एक श्रोता असा असे की, जो करमणुकीसाठी ऐकत नसे. तो बँडमास्तर होय.

त्यास गाणे तीन-चार वेळांत उचलावे लागे, कारण लग्नसराईत यजमानाची पहिली फर्माईश नव्या गाण्याची असे. चाल क्लॅरिनेटवर बसली की तो ती सोबत्यांना घोटवी. ज्यांस लिहितावाचता येत असे त्यांस वहीत सारेगम लिहून देई, इतरांना केवळ वाजवून दाखवी. ध्वनिमुद्रिकेवर पन्नास व्हायोलिनांनी भरलेली जागा त्याच्यापाशी असलेल्या दोन युफोनियमांनी आणि एका ट्रॉम्बोनने कशी भरावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न, आणि तो प्रश्न सेबास्तियन डिसोझांच्या प्रश्नाहून जातीने निराळा नव्हता. अंतऱ्यापूर्वीचा वाद्यांचा तुकडा तो गाळीत नसे. नेमका तोच ऐकायला लोक थांबत. अशा रीतीने चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटवरची एखादी लकेर, जिचा उगम अमेरिकेतील काळ्या वस्तीच्या मिरवणुकीत होता, ती ताजमहाल हॉटेल, ध्वनिमुद्रणगृह, सिलोनचे केंद्र आणि मास्तरांची वही असे चार मुक्काम करीत कल्याणच्या गल्लीत नवरदेवाच्या घोड्यापुढे येऊन पोहोचे. ताजमहालात पाऊल टाकण्याचे ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, त्यांना जॅझ असे घरपोच मिळाले.

या पेशाचे वर्ष पंचांगाने बांधलेले होते. तुळशीचे लग्न लागले की सुपाऱ्या येऊ लागत. बयाणा स्वीकारून तारीख वहीत नोंदली की ती मोडणे अब्रूवर येई. वैशाखात एका दिवशी दोन-तीन ठिकाणी हजेरी लावून ओठ सुजत, आणि चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे, गणेशोत्सवाचे दिवस सोडले तर, शिंगे भिंतीला टांगलेली राहत. हाच काळ तालमीचा आणि नवीन मुले तयार करण्याचा. मूल प्रथम झांज किंवा खुळखुळा धरी, चालता चालता ताल अंगात मुरवी, मग ताशा, आणि ओठ व छाती तयार झाल्यावर पितळी वाद्य. ट्रॉम्बोन बहुधा शेवटी येई, कारण त्यावर बोट ठेवण्यास जागा नाही. ज्याच्या कानात स्वर पक्का, त्याच्याच हाती ते देण्यात अर्थ. या शिक्षणास फी नव्हती, परीक्षा नव्हती आणि इमारतही नव्हती. कल्याणात १९२६ साली गायन समाज स्थापन झाला आणि अभिजात संगीताला त्याने पिढ्यान्पिढ्या आसरा दिला, ही या गावांची अभिमानाची गोष्ट आहे; परंतु त्याच गावांतून फिरणाऱ्या या दुसऱ्या विद्येसाठी दोन खणांची जागाही कोणी राखली नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. वाजंत्र्यास पंगतीत शेवटी वाढण्याची जी आपली जुनी सामाजिक खोड, तिनेच या विद्येस विद्या म्हणू दिले नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९८० नंतरच्या दशकात विद्युत्-वाद्ये अशी प्रगल्भ झाली की, एका पेटीतून चाळीस वादकांचा आभास निर्माण होऊ लागला. ध्वनिमुद्रणगृहांतून आधी व्हायोलिने कमी झाली, मग शिंगे. जो वादक एके काळी दिवसाला दोन गाणी वाजवीत असे तो घरी मुलांना शिकवू लागला. वरातींत ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या. १९९९ साली डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, तिचे अनुकरण महाराष्ट्रभर झाले, आणि तिच्याबरोबर ढोल-ताशा पथकांचा जो भव्य नाद रस्त्यांवर आला, त्यात तरुण मुलामुलींचा उत्साह आहे, शिस्त आहे आणि आपल्या मातीचा अभिमान आहे. त्या नादाविषयी मला आदर आहे. मात्र त्यात चाल नसते. आणि चाल रस्त्यावर आणण्याचे काम ज्यांनी शतकभर केले त्यांची आठवण त्या नादात बुडून जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

कारण या पेशाचा दस्तऐवज फार नाजूक आहे. दफ्तरखान्यात त्याची नोंद नाही. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर ट्रॉम्बोनवाल्याचे नाव छापलेले नाही, आणि बँडमास्तरांच्या वह्या, ज्यांत कोण्या वर्षी कोणते गाणे कोणत्या स्वरात बसवले हे लिहिलेले असे, त्या त्यांच्या पश्चात रद्दीत जातात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आपल्या भाषेतील पुस्तके जपत आले आहे. अशाच एखाद्या संस्थेने या वह्या मागवून घ्याव्यात, त्यांतील लेखन समजणारी जी वृद्ध माणसे अजून हयात आहेत त्यांना बोलते करावे, आणि ज्या विद्येत वादक, रचनाकार व शिक्षक एकाच देहात नांदत होते तिचा वृत्तान्त लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

अशी एखादी वही उघडली तर प्रथमपृष्ठावर काय आढळेल याची मला कल्पना करता येते. वर श्री, खाली गाण्याचे नाव, त्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत सारेगम, आणि समासात, ज्या मुलाला ती चाल शिकवायची त्याचे पाळण्यातले नाव. वाजवणाऱ्याने घडवलेली आणि शिकवण्यासाठी लिहिलेली ती ओळ पाहिली की, तिच्या लेखकास लोकांनी मास्तर का म्हटले हे कोणास समजावून सांगावे लागणार नाही.